माझ्या अंगाला फ्लाइंग किक जमेल का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, उडून मारायच्या किकवर, आणि जवळजवळ प्रत्येकाने आधी स्वतःची उंची आणि वजन लिहिलंय आणि मग विचारलंय की मला जमेल का. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. काही उत्तरं लांब झालीयेत, पण हा विषय मला फार जवळचा आहे आणि त्यात चुकीचं ऐकून लोक एक तर सराव सोडतात नाही तर गुडघे घालवतात, तेव्हा लांबीचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, उंची १६३ सेंमी, वजन ५८ किलो, तायक्वांदोत रेड बेल्ट. बॅचमध्ये एक जण १८३ सेंमीचा आहे, तो उभ्या उभ्या माझ्या डोक्याला पाय लावतो. सगळे मला म्हणतात तू बुटका आहेस, हलका आहेस, तू उड, हवेत तूच भारी पडशील. मी उडतो पण पाय तरी त्याच्या छातीच्या वर जात नाही आणि तोवर तो मागे सरकलेला असतो. बुटक्याला फ्लाइंग किक सोपी जाते हे खरं आहे का?

थोडं खरं आहे, पण ज्या कारणासाठी तुला सांगतायत त्या कारणासाठी नाही.

आधी उंचीचं बघू. माणसाचा गुरुत्वमध्य उभं असताना साधारण त्याच्या उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो, म्हणजे बेंबीच्या आसपास. तुझा येतो ९० सेंमीच्या जवळ आणि तुझ्या मित्राचा १०० च्या जरा वर. उडी म्हणजे हा मध्य किती वर गेला ते. सारख्या बांध्याची आणि सारखा सराव केलेली दोन माणसं, एक उंच एक बुटका, उडाली तर दोघांचा मध्य जवळपास सारखाच वर जातो, कारण मोठ्या अंगात उचलायला वजन जास्त असतं तसा उचलणारा स्नायूही जास्त असतो. मग तू ४० सेंमी उडालास आणि तोही ४० उडाला तरी तो तुझ्यापेक्षा दहा-अकरा सेंमी वरच राहणार, शिवाय त्याचा पाय लांब. त्यामुळे बुटका माणूस उडून उंची भरून काढेल ही कल्पनाच डोक्यातून काढून टाक, कारण समोरचाही उडू शकतो.

आता वजनाचं. तू हलका आहेस म्हणून हवेत जास्त वेळ राहशील असं जे सांगतात ते चूक आहे. हवेतला वेळ फक्त मध्य किती वर गेला त्यावर ठरतो, त्या हिशोबात वजन येतच नाही. ३० सेंमी उडी असेल तर पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत अर्धा सेकंद, ४० ला ०.५७, ५० ला ०.६४ आणि ६० ला ०.७०. हे आकडे नीट बघ, ३० ची उडी ६० वर नेली, म्हणजे दुप्पट केली, तरी वेळ वाढला फक्त ०.२ सेकंद. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं उडी वाढवायच्या मागे असतात, आणि ती वाढवावीच, पण अर्ध्या सेकंदात पाय बाहेर जाऊन परत येत नसेल तर अजून दहा सेंमी उडून काही फरक पडत नाही. किक लवकर निघायला हवी. म्हणजे पाय जमिनीवरून सुटतानाच मारणाऱ्या पायाचा गुडघा छातीकडे आलेला हवा, चेंबर, म्हणजे किकआधी गुडघा दुमडून वर घेणं, वर जाऊन करायचा नाही, चेंबर करत करत वर जायचं. तुझा पाय छातीवर अडकतो त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, तू आधी उडतोस आणि मग किकला सुरुवात करतोस, तोपर्यंत अर्धी उडी संपलेली असते आणि पाय सरळ होतो तेव्हा तू खाली येत असतोस. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ काढ, पाय पूर्ण सरळ झाला त्या फ्रेमला थांबव आणि डोकं वर जातंय की खाली येतंय ते बघ.

मग थोडं खरं कुठे आहे? फिरकीत. शरीर फिरवायला लागणारा जोर उंचीबरोबर भयंकर वेगाने वाढतो. बांधा तोच ठेवून माणूस मोठा केला तर फिरवायचा जडपणा उंचीच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे १६३ आणि १८३ मध्ये उंचीचा फरक बारा टक्केच असला तरी फिरवायचा जडपणा पावणेदोन पटीच्याही जरा वर जातो. तुझा मित्र सडपातळ असेल तर इतका नसेल, पण दिशा तीच. त्याला जी फिरकी घ्यायला पूर्ण पाठ वळवून जोर लावावा लागतो ती तुझी नुसत्या खांद्याच्या झटक्यात होते. त्यामुळे टॉर्नेडो किक (वळसा घेऊन उडून मारायची गोल किक), जंप बॅक किक, जंप स्पिनिंग हुक आणि नारे चागी म्हणजे हवेतली डबल राउंडहाऊस, एकाच उडीत दोन्ही पायांनी गोल किक, हा तुझा माल आहे. सरळ उडून डोक्याला मारायची किक नाही.

आणि स्पर्धेचा हिशोबही इथेच जुळतो. वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत ट्रंकला म्हणजे धडाला साधी किक २ पॉइंट, डोक्याला ३, पण फिरून मारलेली ट्रंकला ४ आणि डोक्याला ५. उडालास म्हणून वेगळा पॉइंट नाही, फिरलास म्हणून आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे वजनगट ५८, ६८, ८० आणि ८० च्या वर असे चारच आहेत, उंचीचा गट नाही, त्यामुळे ५८ मध्ये तुझ्यासमोर बहुतेक वेळा तुझ्यापेक्षा उंच सडपातळ मुलगाच येणार, हे गृहीत धरूनच खेळ बसव.

तो मागे सरकतो त्याबद्दल. पाय सुटला की तुझा मार्ग ठरला, हवेत दिशा बदलता येत नाही, आणि समोरच्याला ते दिसतं. लांबून धावत येऊन उडलास तर त्याला अर्धा सेकंद आधीच कळतं. तुला उडी त्याच्यापर्यंत पोचायला वापरायचीये, त्याच्या वर जायला नाही. आधी पुढच्या पायाची खोटी किक दाखव, तो अर्धं पाऊल मागे गेला आणि त्याचं वजन मागच्या पायावर बसलं की त्या क्षणी त्याला परत लगेच सरकता येत नाही, तेव्हा निघ. उडी कमी उंच आणि पुढे जास्त. नारे चागीत पहिला पाय त्याच्या पोटाकडे जातो, दुसरा पाय पॉइंट घेतो, आणि तू त्याच्या लांब पायाच्या आत पोचलेला असतोस, जिथे त्याला पाय उचलायलाच जागा नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ३८, उंची १८५, वजन ९६ किलो. सहा वर्षं शोतोकान कराटे करतोय. कांकू दाई काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) शिकतोय आणि शेवटच्या निदान गेरीला, म्हणजे एकाच उडीतल्या दोन किकना, अडलोय. पूर्वी एका क्लासमध्ये मला स्पष्ट सांगितलं होतं की तुमचं शरीर उडायचं नाही, उगाच प्रयत्न करू नका, तिथे नुसत्या दोन मे गेरी (समोर मारायच्या किक) मारा. खरंच सोडून देऊ का?

नका सोडू. असं कोणी सांगितलं की मला वाईट वाटतं, कारण शिकवणाऱ्याने माणसाला बघून किक बदलावी, माणसाला बाद करू नये.

मोठ्या अंगाची माणसं उडतात, आणि जगासमोर उडालेली आहेत. रेमी बोन्यास्की हा डच किकबॉक्सर, उंची १९० सेंमीच्या वर आणि वजन शंभर किलोच्या पुढे, त्याची ओळखच फ्लाइंग नी (उडून गुडघा मारणं) आणि फ्लाइंग किक ही होती, आणि त्यावर तो २००३, २००४ आणि २००८ असा तीनदा के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचा वर्ल्ड ग्रां प्री जिंकला. तुमच्याच कराटेतला ल्योतो माचिदा, यूएफसीच्या मिश्र मार्शल आर्ट्समध्ये ९३ किलोच्या गटात खेळताना २०११ मध्ये त्याने रँडी कुटूरला जंपिंग फ्रंट किकने पाडलं, एक पाय उचलून दाखवला आणि दुसऱ्याने मारलं, म्हणजे तुम्ही ज्या निदान गेरीला अडलाय तिचीच बहीण. हाँगकाँगच्या मारधाडपटांचा नट सॅमो हंग तर गोल अंगाचा, लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या शाळेत तयार झालेला, त्याच्या कोलांट्या आणि किका बघितल्या की वजनाची सबब देणाऱ्याचं तोंड बंद होतं. हे तिघेही असामान्य आहेत हे मान्य, पण तुम्हाला के-वन जिंकायचं नाहीये, काताच्या शेवटी दोन पाय एकापाठोपाठ हवेत न्यायचेत.

तुमची खरी अडचण वर जाणं नाहीये, खाली येणं आहे, आणि हे मी सगळ्या जड वाचकांसाठी सविस्तर लिहितेय. समजा तुम्ही ४० सेंमीवरून खाली आलात. पाय टेकल्यावर तुमचा मध्य किती अंतरात थांबला त्यावर सगळा मार ठरतो. ताठ पायाने उतरून ५ सेंमीत थांबलात तर पायांवर सरासरी भार शरीराच्या वजनाच्या नऊ पट येतो. गुडघा, कंबर, घोटा तिन्ही वाकवून २५ सेंमीत थांबलात तर तोच भार २.६ पट. आता किलोत बघा. तुम्ही ९६ किलोचे, मऊ उतरलात तर साधारण २५० किलोचा भार. वरचा ५८ किलोचा मुलगा ताठ उतरला तर त्याच्यावर ५२० किलोच्या वर. म्हणजे नीट उतरणारा जड माणूस निष्काळजी हलक्या माणसाच्या निम्म्याहून कमी मार खातो. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात टेकल्याच्या पहिल्या क्षणी भार सरासरीपेक्षा वर उसळतो, पण म्हणूनच तर उतरणं आधी शिकायचं. नीट उतरण्याची खूण कानाने कळते, धप्प आवाज आला तर उतरणं चुकलं. चवडा आधी, मग टाच, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने वाकतोय, आत कोसळत नाहीये, आणि कंबर मागे बसतेय.

पहिला महिना किक मारूच नका असं मी सांगेन. एका पायावर खुर्चीवरून सावकाश उठता बसता येतंय का बघा. एका पायावर छोटी उडी मारून त्याच पायावर उतरून तीन सेकंद न डगमगता उभं राहता येतंय का बघा. एका पायावर टाच उचलून पोटरीचा व्यायाम रोज करा, पोटरी आणि टाचेमागची शीर तयार नसेल तर चाळिशीच्या आसपास तीच आधी दगा देते. हे जमायला लागलं की मग मॅटवर छोट्या उड्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, आणि थकल्यावर एकही नाही. जड माणसाने उड्या मोजून माराव्यात, घाम येईपर्यंत नाही, घामासाठी दुसरे शंभर व्यायाम आहेत.

आता निदान गेरीचं तंत्र. यात पहिला पाय ही नुसती पहिली किक नाहीये, तोच तुमचं इंजिन आहे. तो गुडघा जोरात वर जातो तेव्हा उडणारा पाय अजून जमिनीवर ढकलत असला पाहिजे, मग त्या वर जाणाऱ्या पायाचा वेग सगळ्या अंगाला मिळतो. बरेच जण पहिली किक पूर्ण मारून मग उडतात, तेव्हा तो वेग वाया गेलेला असतो आणि राहिलेल्या एका पायाने ९६ किलो थंडपणे उचलायचे असतात, कसं होणार? पहिला गुडघा वर, त्याच दमात जमीन सोडायची, पहिला पाय खाली यायला लागला की दुसरा निघतो, कातरीसारखा. खांदे पुढे झुकवू नका, झुकलात की कंबर मागे जाते आणि दुसरा पाय वर येतच नाही. आणि उतरताना थेट खोल झेनकुत्सु दाचीत (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहायच्या स्थितीत) आपटू नका, आधी पाय टेकू दे, वाकू दे, मग स्टान्समध्ये बसा. बघणाऱ्याला ते एकच हालचाल दिसते, तुमच्या गुडघ्याला मात्र दोन वेगळ्या वाटतात.

आणि एक, तुमच्या अंगाला सगळ्यात शोभणारी उडी निदान गेरी नाहीच. तीन-चार पावलांचा रन-अप घेऊन योको तोबी गेरी, फ्लाइंग साइड किक, करून बघा कधीतरी शील्डवर, म्हणजे जोडीदाराने धरलेल्या मोठ्या पॅडवर. शेवटून दुसरं पाऊल जरा लांब आणि कंबर खाली, शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन, यातच पुढचा वेग वर वळतो. आणि मग शील्ड धरणाऱ्याला आधी सांगून ठेवा, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे. ५४०, ७२० अंशांच्या फिरकी किक वगैरेच्या मागे मात्र लागू नका, तुमच्या लांबीच्या माणसाला त्या फिरकीचा खर्च फार पडतो आणि चुकून अर्धवट फिरून एका पायावर उतरलात तर गुडघ्यातलं लिगामेंट जाण्याची तीच सगळ्यात वाईट स्थिती, पाय रोवलेला आणि वरचं अंग अजून फिरतंय.

प्रश्न : मी दहावीत आहे. मित्र म्हणतो फ्लाइंग किक सगळ्यात पॉवरफुल, मी म्हणतो जमिनीवरची बॅक किक. कोण बरोबर?

बहुतेक वेळा तू. जमिनीवर उभा राहून मारतोस तेव्हा टेकलेल्या पायातून जमिनीला ढकलता येतं आणि ते ढकलणं कंबरेतून किकमध्ये जातं. हवेत ढकलायला काहीच नाही, पाय पुढे फेकलास तर बाकीचं अंग तेवढंच मागे जातं. म्हणून जागच्या जागी उडून मारलेली किक दिसते भारी, पण समोरच्याला लागते कमी, आणि लागल्यावर तूच उलटा मागे जातोस.

पण धावत येऊन मारलेल्या साइड किकमध्ये मित्र बरोबर ठरतो. तिथे पायाची ताकद दुय्यम, तुझं आख्खं अंग ज्या वेगाने येतंय तो वेग गुणिले वजन, हे लागतं. सेकंदाला ४ मीटर वेगाने येणारा ५८ किलोचा माणूस म्हणजे २३२, आणि वरच्या प्रश्नातले ९६ किलोचे काका त्याच वेगाने आले तर ३८४. इथे मोठं अंग सरळसरळ जिंकतं, म्हणूनच त्यांना शील्डवाल्याला सांगून ठेवा म्हटलं. फक्त एक अट आहे, लागायच्या क्षणी टाच, गुडघा, कंबर आणि खांदा एका रेषेत हवेत, नाहीतर गुडघा वाकून सगळा वेग आतच जिरतो. फळी तोडताना बारीक मुलं तोडतात आणि दणकट मुलं उसळून परत येतात ते याच रेषेमुळे.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची टॉर्नेडो किक क्लासमध्ये सगळ्यात सुंदर होती. वर्षात ती आठ सेंमी वाढली, १४८ वरून १५६ झाली, आणि आता तीच किक मारताना पडते, रडते, म्हणते मला काही येत नाही. वाटीखाली गुडघा दुखतो असंही म्हणते. सर म्हणतात लक्ष नाही तिचं.

तिचं लक्ष आहे हो, तिचं अंग बदललंय. ज्या शरीरावर तिने ती किक बसवली होती ते आता राहिलंच नाही. वर पाचव्या घाताचं सांगितलं ना, तोच हिशोब तिला लावा, बांधा तसाच धरला तर आठ सेंमी वाढीने फिरवायचा जडपणा तीस टक्क्यांच्या आसपास वाढला. हाडं आधी लांब होतात, स्नायूंची ताकद आणि कुठला अवयव कुठे आहे याचा मेंदूतला अंदाज मागून येतो, त्या मधल्या काळात चांगली चांगली मुलं अडखळतात. पूर्वीएवढाच झटका देऊन ती उडते, फिरकी पूर्ण होत नाही आणि ती वाकडी उतरते. हे तिला आकड्यांसकट सांगा, तेरा वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं आणि तिच्या मनावरचा भार उतरतो. माझा अनुभव असा आहे की या वयात सोडून गेलेल्या मुली परत येत नाहीत, आणि सोडायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आपण बिघडलो असं त्यांना वाटतं आणि कोणी समजावून सांगत नाही.

गुडघ्याचं मात्र आधी बघा. वाटीच्या खाली जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, उडी मारल्यावर किंवा जिना चढताना वाढत असेल, तर तो ऑसगूड-श्लॅटर असू शकतो, वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलामुलींमध्ये खूप दिसतो. मांडीचा स्नायू ज्या जागी हाडाला ओढतो ती जागा अजून कच्ची असते. बहुतेकांचा वाढ पूर्ण झाल्यावर थांबतो, पण निदान डॉक्टरांनीच करायचं, माझ्यासारखीने लिहून नाही. तोपर्यंत उड्या कमी, दुखेल ती उडी बंद. सरांना हे स्पष्ट सांगा, विनंती म्हणून नाही, सूचना म्हणून.

या काळात किक सोडायची नाही, तिचे तुकडे करायचे. न उडता जमिनीवर टॉर्नेडोचं पाऊल आणि वळण. फक्त वळण आणि थांबणं. हात आणि मोकळा पाय अंगाशी घेतले की फिरकी वेगाने होते, हे तिला आता मुद्दाम शिकवायला लागेल, पूर्वी छोट्या अंगाला त्याची गरज पडली नव्हती. फिरकी जी काही मिळते ती जमिनीवरूनच मिळते, हवेत गेल्यावर नव्याने घेता येत नाही, फक्त अंग आवळून आहे ती वेगवान करता येते.

आणि उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे आत पडतायत का ते समोरून व्हिडिओ काढून बघा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ही सवय जास्त दिसते आणि गुडघ्याच्या आतल्या एसीएल लिगामेंटच्या दुखापती मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होतात, त्याही बहुतांश कोणी न धडकता, नुसत्या उतरताना किंवा वळताना. कंबरेच्या बाजूचे स्नायू बळकट केले आणि उतरण्याचा सराव करून घेतला तर हा धोका बराच कमी होतो. हे काम आत्ताच करायचं आहे, सोळाव्या वर्षी नाही.

प्रश्न : काही लोक हवेत क्षणभर थांबल्यासारखे दिसतात. ते हलके असतात म्हणून का?

नाही. कोणीही उडालं तरी उडीचा निम्मा वेळ उंचीच्या वरच्या चौथ्या भागात जातो, कारण वर जाता जाता वेग कमी झालेला असतो. ज्याची किक नेमकी त्या वरच्या भागात सरळ होते तो थांबल्यासारखा दिसतो. शिवाय वर असताना दोन्ही पाय अंगाजवळ खेचले की गुरुत्वमध्य शरीराच्या आत वर सरकतो, मग मध्य आपल्या ठरलेल्या कमानीनेच जातो पण डोकं काही क्षण एकाच उंचीवर राहतं, आणि आपण बघतो डोकंच. फ्लाइंग साइड किकमध्ये मोकळा पाय नितंबाखाली घट्ट दुमडायला सांगतात त्याचं एक कारण हे आहे. वुशू या चिनी मार्शल आर्टमधले लोक यात फार तयार असतात.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, १५५ सेंमी, ७४ किलो. नुकतीच ऑरेंज बेल्ट झाले. पंधरा किलो उतरवून मगच जंपिंग किक शिकायची असं ठरवलंय. बरोबर ना?

मला ते पटत नाहीये, आणि कारण सांगते. उडी ठरते ताकद भागिले वजन यावर. नुसतं खाणं कमी करून भरभर वजन उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही जातो, मग वजनाचा काटा खाली गेला तरी उडी आहे तिथेच राहते, आणि दमल्यासारखं वाटतं ते वेगळंच. उलट ताकदीचा सराव सुरू ठेवून सावकाश उतरलेलं प्रत्येक किलो तुम्हाला उडीत परत मिळतं. म्हणजे दोन्ही बरोबर चालू द्या, एकासाठी दुसरं थांबवायचं काहीच कारण नाही.

तुमच्यासाठी पहिली उडी म्हणजे स्विच जंप फ्रंट किक, एक गुडघा वर, दुसऱ्या पायाने मे गेरी, जमिनीपासून दहा सेंमी सुटलात तरी ती फ्लाइंग किकच. दहा सेंमीच्या उडीत हवेत ०.२९ सेकंद मिळतात, पाय झटकन नेऊन आणायला तेवढे लागतातच, म्हणून चेंबर लवकर हवा हे वरचं सगळं तुम्हालाही लागू. कंबरेएवढ्या टार्गेटपासून सुरुवात करा, डोक्याएवढ्या नाही. त्याआधी ३८ वर्षांच्या वाचकाला दिलेल्या एका पायाच्या चाचण्या तुम्हीही करून घ्या, आणि एका वर्गात उतरणं वीस-पंचवीसपेक्षा जास्त होऊ देऊ नका. गुडघ्याचं किंवा ब्लडप्रेशरचं काही आधीचं असेल तर डॉक्टरांशी बोलून. तुमच्या सरांनी टार्गेट पॅड मुद्दाम वर धरला तर खाली घ्यायला सांगा, तुम्हाला तो हक्क आहे.